पालेभाजी बंद नको, प्रमाण सारखे हवे

हृदयात यांत्रिक झडप बसवलेल्या मुलाला वॉरफरिन हे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारे औषध चालू असताना पालेभाजी पूर्ण बंद करावी का, या आपल्या प्रश्नावर माझा अनुभव लिहिते. माझ्या मुलीला लहानपणी मिट्रल (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली) झडप बसवली आणि तिचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा, डॉक्टरांनी २.५ ते ३.५ या दरम्यान ठेवायला सांगितला आहे. एका हिवाळ्यात नाशिकच्या बाजारात मेथीच्या जुड्या स्वस्त झाल्या, आमच्याकडे जवळजवळ रोज भाजी होऊ लागली आणि आकडा १.८ वर घसरला, कारण पालेभाजीतले के जीवनसत्त्व या औषधाच्या विरुद्ध काम करते. तेव्हापासून भाजी आठवड्यातून दोनदा, पण नेमाने होते. तारीख, आकडा आणि गोळी अर्धी की पाऊण, हे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलेले असते. ताप आला तरी अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन स्वतःहून देऊ नका, ही मात्र कळकळीची विनंती.