जुने पेट्रोल लॉन मोअर: चोक काढला की इंजिन बंद पडते. दुरुस्ती करावी की इंजिनच बदलावे?

टेबललँड_पायथा (पाचगणी, जि. सातारा)

नमस्कार. पाचगणीतील एका जुन्या बंगल्याच्या बागेची देखभाल माझ्याकडे आहे. तेथील ढकलत चालवायचे पेट्रोल लॉन मोअर बरीच वर्षे कोठीत पडून होते आणि ते पुन्हा कामाला लावावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. इंजिन ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे असून वरच्या पत्र्यावर मॉडेल 92908 असे ठोकलेले आहे. कोडचा आकडा 78 ने सुरू होतो.

ऑइल बदलून, नवा प्लग घालून आणि पंपावरचे ताजे पेट्रोल भरून दोरी ओढली तेव्हा इंजिन सुरू झाले, परंतु चोक पूर्ण काढला की ते धापा टाकून बंद पडते. अर्धवट चोकवर ठेवल्यास चालते, मात्र आवाज सतत वरखाली होत राहतो आणि उंच गवतात नेले की दम सोडते. कोठीत ठेवण्यापूर्वी पाते एकदा जांभ्याच्या दगडावर जोरात आदळले होते, असे माळीकाका सांगतात. त्याचा या दोषाशी संबंध असेल काय?

वाईतील एका मेकॅनिकने कार्बोरेटर फेकून देण्याचा आणि जमल्यास पॉवर वीडरचे नवे इंजिनच बसवण्याचा सल्ला दिला आहे. यंत्राचा मूळ सांगाडा भक्कम असल्यामुळे मला ते पटत नाही. सुरुवात कोठून करावी?

लेथ_आणि_फिटिंग (कुपवाड, सांगली)

इंजिन बदलण्याचा विचार आधी बाजूला ठेवावा, कारण तो येथे लागूच पडत नाही. आपल्याकडे पंपसेट, फवारणी यंत्रे आणि पॉवर वीडर यांवर मिळणारी बहुतेक पेट्रोल इंजिने आडव्या शाफ्टची असतात, तर आपल्या मोअरचे पाते थेट इंजिनच्या उभ्या शाफ्टला बसलेले आहे. आडव्या शाफ्टचे इंजिन त्या सांगाड्यावर चढवायचे तर सगळी रचनाच बदलावी लागेल.

ठोकलेल्या आकड्यांतून बरेच कळते. पहिला 9 म्हणजे नऊ घनइंच, अर्थात सुमारे 148 सीसी; तिसऱ्या जागेवरचा 9 म्हणजे उभा शाफ्ट आणि ‘पल्सा-जेट’ जातीचा कार्बोरेटर; आणि कोडमधील 78 म्हणजे हे इंजिन 1978 सालचे आहे. या कंपनीने पॉइंट (स्पार्कसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणले ते 1982 मध्ये. त्यामुळे आपल्या इंजिनात मॅग्नेटखाली (म्हणजे चुंबक बसवलेल्या जड फिरत्या चाकाखाली) पॉइंट आणि कंडेन्सर असणार.

मात्र आपण सांगितलेली लक्षणे मला स्पार्कपेक्षा पेट्रोलकडे बोट दाखवणारी वाटतात. चोक लावल्यावर चालते आणि काढल्यावर मरते, याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे. हा कार्बोरेटर टाकीच्या डोक्यावर बसतो आणि त्यातून दोन नळ्या खाली उतरतात. लांब नळी टाकीच्या तळातून पेट्रोल उचलते आणि एक पातळ लवचीक पडदा, म्हणजे डायाफ्राम, ते टाकीच्या वरच्या भागातील लहान वाटीत ढकलतो. आखूड नळी त्या वाटीतून पेट्रोल घेते. वाटी कायम भरलेली राहत असल्याने टाकीतील पातळी कमी झाली तरी मिश्रण बदलत नाही. ही रचना मला आजही अत्यंत सुंदर वाटते. डायाफ्राम कडक झाला की ती वाटी भरत नाही, आणि मग आपण वर्णन केले आहे तसेच घडते.

म्हणून प्लगची वायर काढून ठेवावी, कार्बोरेटर आणि टाकी एकत्रच उतरवावी आणि मग स्क्रू सोडून दोन्ही वेगळी करावी. डायाफ्राम उजेडात धरून हलकेच वाकवून पाहावा. तो कागदासारखा कुरकुरला किंवा त्यावर सुरकुत्या दिसल्या तर निःशंकपणे नवा घालावा. नळ्यांच्या टोकांची जाळी साफ करावी, पण नळी नायलॉनची असल्यास ती थिनरमध्ये बुडवू नये. टाकीच्या ज्या भागावर डायाफ्राम बसतो तेथे सरळ पट्टी आडवी ठेवून 0.05 मिमीची फीलर गेजची (फट मोजण्याच्या साधनाची) पात सरकवून पाहावी. पात पट्टीखालून गेली तर पृष्ठभाग वाकलेला आहे आणि नवा डायाफ्रामही तेथे नीट बैठक घेणार नाही. नवा डायाफ्राम घालूनही फरक पडला नाही, अशा तक्रारींत ही तपासणी बहुधा राहून गेलेली असते.

जोडताना कार्बोरेटर उलटा धरून त्यावर डायाफ्राम आणि स्प्रिंग ठेवावी व टाकी वरून बसवावी, म्हणजे काही सरकत नाही. इनटेक नळीची ओ-रिंगही त्याच वेळी बदलावी, कारण तेथून हवा शिरली तरी मिश्रण असेच पातळ होते.

कृष्णा_कोयना (कराड)

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. फक्त पेट्रोलबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण 1978 च्या इंजिनाला आजचे पेट्रोल अनोळखी आहे. आपल्याच भागातील साखर कारखान्यांत तयार होणारे इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत असते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे योग्य ज्वलनासाठी तेवढ्याच हवेला साधारण सात-आठ टक्के अधिक पेट्रोल द्यावे लागते. जुन्या पेट्रोलवर जुळवलेला कार्बोरेटर त्यामुळे आपोआप थोडा पातळ चालतो. आपल्या कार्बोरेटरला मिश्रणाची सुई फिरवता येते, ही मोठी सोय आहे. सुई हलक्या हाताने पूर्ण बंद करावी, कारण जोर दिला तर तिच्या टोकाला वळ पडतो आणि मग ती कधीच नीट जुळत नाही. तेथून दीड फेरा उघडावी. टाकी अर्धी भरलेली असताना इंजिन चांगले गरम करावे, इंजिन अडखळेपर्यंत सुई आत आणि नंतर जड होऊन विषम चालेपर्यंत बाहेर फिरवावी आणि या दोन्हींच्या मध्ये ठेवावी. नव्या पेट्रोलवर ही जागा दीड फेऱ्याच्या थोडी पुढे आली तर त्यात वावगे काही नाही.

इथेनॉल हवेतील ओलावाही ओढून घेते. पाचगणीच्या पावसाळ्यात भरलेली टाकी तशीच ठेवली, तर कार्बोरेटरच्या जस्तमिश्रित धातूवर पांढरी भुकटी धरते आणि लहान छिद्रे त्यानेच बुजतात. मृगापूर्वी टाकी रिकामी करून, उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून मगच यंत्र कोठीत ठेवावे.

जुनी_इंजिने (सातारा)

जांभ्याच्या दगडाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो, कारण तो प्रश्न वर मागे पडला. मॅग्नेट आणि क्रँक यांच्यामध्ये मऊ धातूची एक लहान की (दोघांना एकत्र अडकवणारी पाचर) असते. पाते अचानक अडले की ती पूर्ण किंवा अर्धवट कापली जाते, मॅग्नेट किंचित फिरून बसते आणि स्पार्कची वेळ चुकते. दोरी ओढताना हाताला उलटा झटका बसत असेल तर हीच शंका घ्यावी. मॅग्नेट पुलरने काढावे, हातोडीने मुळीच नको. की सरळ दिसली तरी कडेला जरा जरी पायरी पडलेली असेल तरी नवी घालावी, आणि ती मऊच हवी. लेथवाल्याकडून पोलादी की करून घेतली तर पुढच्या दगडाचा मार थेट क्रँकवर जाईल. क्रँक वाकला आहे का, हेही पाते हळू फिरवून त्याच्या बोल्टचे टोक एका जागी फिरते की डोलते यावरून पाहावे.

मॅग्नेट उघडलेच आहे तर पॉइंटचे अंतर 0.5 मिमी करावे, ते बारीक पॉलिश पेपरने साफ करून कोऱ्या कागदाने पुसावेत. बसवताना कॉइल आणि मॅग्नेटमधील अंतर सुमारे 0.3 मिमी ठेवावे.

कॉम्प्रेशनबद्दल एक सूचना. या इंजिनात दोरी सोपी जावी म्हणून इनटेक व्हॉल्व्ह किंचित उशिरा बंद होतो, त्यामुळे गेजवर आकडा कमी दिसून फसगत होते. त्याऐवजी मॅग्नेट हाताने उलट्या दिशेने झटक्यात फिरवावे. ते कॉम्प्रेशनला अडून जोरात मागे आले तर व्हॉल्व्ह आणि रिंगा ठीक आहेत. मागे आले नाही तर व्हॉल्व्ह पेस्टने घासावे लागतील. साताऱ्यात कूपरच्या आणि सांगलीकडे किर्लोस्करच्या डिझेल इंजिनांवर हयात घालवलेले फिटर अजून भेटतात, आणि हे काम त्यांच्यापेक्षा चांगले कोणी करणार नाही. त्यांना एवढेच सांगावे, की येथे टॅपेटला (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दांड्याला) अंतर जुळवायचा स्क्रू नाही. घासल्यावर व्हॉल्व्ह आणि टॅपेट यांतील अंतर कमी झाले तर व्हॉल्व्हच्या दांड्याचे टोक काळजीपूर्वक घासूनच ते मिळवायचे आहे, इनटेकला 0.13 ते 0.18 मिमी आणि एक्झॉस्टला 0.18 ते 0.23 मिमी.

टेबललँड_पायथा (पाचगणी)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. डायाफ्राम खरोखरच कडक झालेला निघाला आणि लांब नळीच्या जाळीवर तपकिरी चिकटा साचला होता. टाकीचा पृष्ठभाग मात्र सपाट आहे. मॅग्नेटच्या कीला एका बाजूने स्पष्ट पायरी पडलेली दिसली. डायाफ्राम, ओ-रिंग आणि की बदलून, सुई जुळवल्यावर इंजिन आता चोकशिवाय चालते आणि ओल्या गवतातही थांबत नाही. आवाज मात्र रिकामे चालताना अजून थोडा वरखाली होतो. सुई आणखी उघडली तर धूर येऊ लागतो. हे मिश्रणाचेच लक्षण समजावे काय?

लेथ_आणि_फिटिंग (कुपवाड, सांगली)

धूर येत असेल तर मिश्रण पुरेसे आहे. आता गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणारी रचना, पाहावा. या इंजिनात तो हवेवर चालतो. वरच्या पत्र्याखाली एक हलकी पट्टी असते, मॅग्नेटच्या पंख्याची हवा तिला ढकलते आणि ती तारेने थ्रॉटल बंद करते, तर स्प्रिंग उलट ओढते. पत्रा काढून ही पट्टी बोटाने हलवावी. ती कोठेही न अडता फिरली पाहिजे. सहसा तिच्या खुंटीशी वाळलेले गवत अडकलेले असते, आणि तेच गवत सिलिंडरच्या पंखांमध्येही ठासून भरलेले सापडेल. तेही लाकडी काडीने काढावे, नाहीतर उन्हात इंजिन तापेल.

स्प्रिंग सैल वाटली तरी दुकानातील मिळेल ती बसवू नये किंवा जुनीच ताणून घट्ट करू नये. कडक स्प्रिंगने इंजिनाचे फेरे वाढतात आणि पात्याच्या टोकाचा वेग धोक्याच्या पुढे जातो. टॅकोमीटर लावून कमाल वेग मिनिटाला 3600 फेऱ्यांच्या आत असल्याची खात्री करावी; टॅकोमीटर नसेल तर यंत्र एकदा कुपवाडला आणावे, माझ्याकडे तो आहे.