मदत हवी आहे: वडलांना शेवटच्या इलाजाबद्दल लिहून ठेवायचंय, घरचे ऐकेनात

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहायलोय, समजून घ्या.

आम्ही औसा तालुक्यातले, मी लातूरला असतो. अण्णा ७२ वर्षांचे. ३ वर्षांमागं अटॅक आला तेव्हापासून हृदयाचं पंपिंग २५ टक्क्यावरच आहे आणि ठोके बिघडले की आतून शॉक देणारी मशीन छातीत बसवलेली आहे, आयसीडी म्हणतात ती. ह्या वर्षात तीनदा ॲडमिट केलं. पाय सुजतात, आडवं पडलं की दम लागतो, पाठीला उशा लावून बसूनच रात्र काढतात, मग ४-५ दिवस दवाखाना, इंजेक्शननं अंगातलं पाणी उतरलं की घरी, आणि दुसऱ्या दिवशी गडी परत पारावर गप्पा हाणायला हजर. त्यामुळं आजार कुठवर आलाय हे घरात कुणाच्या ध्यानातच येत नाही.

मागच्या वेळी आयसीयूत शेजारच्या बेडवर एक आजोबा व्हेंटिलेटरवर होते, अण्णा ते चार दिवस बघत होते. घरी आल्यावर मला म्हणले, मला असं नळ्या लावून ठेवू नका, शेवट घरी होऊ द्या, आणि हे कागदावर घे, तोंडी बोललेलं उद्या कुणी मानायचं नाही. खरं सांगतो, मी विषयच बदलला, सोयाबीनच्या भावावर नेला. ते काही बोलले नाहीत पण चार दिवसांनी परत तेच.

आई 'अभद्र बोलू नका' म्हणून उठून जाते. पुण्याचा भाऊ म्हणतो लोक म्हणतील पैशापायी बापाचा इलाज थांबवला. डॉक्टरला अण्णांनी राउंडला तोंडावर विचारलं, साहेब किती दिवस, तर म्हणले काही होत नाही बाबा, गोळ्या घ्या, मीठ कमी करा. बाहेर मला बोलावून वेगळंच सांगितलं. सगळे म्हणतात पेशंटला सहन होणार नाही, इथं पेशंटच विचारायलाय आणि सहन आम्हाला होईना! दोन वर्षांमागं अण्णांनी जमिनीची वाटणी करून सातबारा वेगळा केला तेव्हा कुणाला अभद्र वाटलं नव्हतं.

तर शेवटी कोणता इलाज नको ते आधीच लिहून ठेवायचा कागद, लिव्हिंग विल म्हणतात ते, खेड्यातल्या माणसाला करता येतं का, कोर्टात जावं लागतं का? आणि ती मशीन शेवटच्या घडीलाही शॉक देत राहणार का? कुणी हे केलं असेल तर सांगा.

प्रतिसाद १:
करता येतं. सुप्रीम कोर्टानं २०१८ ला मान्यता दिली, तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, २०२३ ला ते काढलं. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरकडून साक्षांकित करून घ्यायचं. आपल्या वतीनं कुणी बोलायचं त्याचं नाव त्यात घालावं लागतं, एकापेक्षा जास्त नावंही चालतात, भावाचंही घाला, रुसवा कमी होईल. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडं द्या. अण्णा शुद्धीवर असेपर्यंत त्यांचाच शब्द चालतो, कागद नंतरसाठी, आणि मन बदललं तर कधीही रद्द करता येतो. आणि लोकांचं म्हणाल तर तुम्ही एकट्यानं काही थांबवू शकत नाही, इलाज थांबवायचा का ते त्या वेळी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा एक बोर्ड बघतो, मग दुसरा बोर्ड बघतो, भावाला हे सांगा.

प्रतिसाद २:
मशीनचं आमच्या सासऱ्यांच्या वेळी आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, शेवटच्या रात्री शॉक बसत होते, अजून डोळ्यासमोर येतं. त्यातला शॉकचा भाग बाहेरून बंद करता येतो, ऑपरेशन लागत नाही, लगेच जीव जातो असंही नाही. पण कधी करायचं ते कार्डिओलॉजिस्टला आत्ताच विचारून ठेवा. आणि दम लागण्यावर मॉर्फिनचा थोडा डोस देतात, तेही विचारा, घरी ठेवायचं म्हणजे इलाज बंद असं नसतं.

धागाकर्ता:
दोघांचे लई आभार. काल रात्री आईपुढंच हे मोठ्यानं वाचून दाखवलं, अण्णा ऐकत होते. आई ह्या वेळी उठली नाही. म्हणली, कागदाचं तुमचं तुम्ही बघा, पण त्या मशीनचं आधी विचारून ये. सोमवारी ओपीडी आहे, अण्णा म्हणायलेत मी स्वतः विचारतो, तू फक्त गाडी चालव.