मदत हवी आहे: क्विल्ट टांगली की खालच्या कडा लहरतात (शुक्रवारपर्यंत प्रदर्शनाचा फॉर्म भरायचाय)

जेटीवरची
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. माझी आर्ट क्विल्ट (भिंतीवर लावायची, चित्र असलेली गोधडी) शिवून झाली, गोट पण लावून झाला, आणि आता भिंतीवर टांगली की खालची कड लहरतेय, डावा कोपरा तर चक्क पुढे येतो. पलंगावर पसरली की एवढं कळत नाही. इस्त्री झाली, आई म्हणाली गादीखाली घाल, तेही झालं, दोन तास बरी दिसते आणि मग परत जैसे थे. प्रदर्शनाची ज्युरी आधी फोटो बघून निवडणार आहे आणि फोटोत लाट सगळ्यात आधी दिसते. गोट उसवायला सांगू नका प्लीज. आणि फॉर्मवर मागे हँगिंग स्लीव्ह (टांगायची दांडी घालायला कापडी नळी) हवी असं लिहिलंय, ती नक्की किती रुंद? रत्नागिरीत पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये, त्यामुळे धुऊन बघा वगैरे नको.

अस्तर
साईज काय? कापड कुठलं? आत काय घातलंय? हाताने की मशीनवर? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

बाबल्या_मालवण
आमच्या आयेन शिवलेली गोधडी अजून आसा, पावसात तीच अंगार घेतंव. भिंतीर लावन काय करतलात गो बाय?

निवृत्त_पण_व्यस्त
अगदी सोपा उपाय. प्लायवर ताणून खिळे मारा आणि वरून काच लावून फ्रेम करून घ्या. आमच्याकडे मुलीचं भरतकाम असंच केलंय, पंधरा वर्षं झाली, हललेलं नाही.

सुईदोरा
काका, कृपया नको. बहुतेक क्विल्ट प्रदर्शनांत काचेची फ्रेम घेतच नाहीत, स्लीव्हमध्ये दांडी घालून टांगतात. शिवाय कोकणात काचेमागे ओल अडकली की बुरशी ठरलेली. खिळ्यांचा गंज कापडात उतरेल तो वेगळाच.

जेटीवरची ताई, स्लीव्ह साधारण ४ इंच, म्हणजे १० सेंमी, तयार झाल्यावर. क्विल्टच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंनी इंचभर आखूड ठेवा, म्हणजे दांडीची टोकं टेकवायला जागा राहते. हाताने शिवा, टाका फक्त मागच्या थरातून घ्या, पुढे दिसता कामा नये. आणि नळी मागच्या कापडाला अगदी चपटी शिवू नका, बाहेरच्या बाजूला थोडं ढिलं कापड सोडा. नाहीतर दांडी घातली की पुढून वरच्या बाजूला आडवा फुगवटा येतो. तरी तुमच्या फॉर्मवर वेगळं माप असेल तर तेच पाळा, त्यावरून काम परत पाठवतात.

जेटीवरची
स्लीव्हचं कळलं, थँक्स. साईज ४० बाय ५४ इंच, उभी. कापड आईची जुनी लुगडी. नेहमीसारखीच शिवलीये.

अस्तर
नेहमीसारखी म्हणजे?? कोणाची नेहमी?

बाबल्या_मालवण
लुगडी फाडलास? अरे देवा.

तुरटी
जुनी लुगडी म्हणजे रंग जाणार. आधी मीठ-तुरटीच्या पाण्यात रात्रभर भिजवा, रंग पक्का होतो. आमची आजी हेच करायची.

सुईदोरा
तुरटीताई, तुरटी लावतात ती कापड रंगवायच्या आधी किंवा रंगवताना, मंजिष्ठा-हळदीसारखे झाडपाल्याचे रंग धरावेत म्हणून. कारखान्यात रंगवून आलेल्या लुगड्याला नंतर तुरटी, मीठ, व्हिनेगर काहीही लावलं तरी सुटणारा रंग थांबत नाही. पांढरं सुती फडकं ओलं करून प्रत्येक रंगावर ठेवायचं, वरून इस्त्री दाबायची. फडक्यावर डाग आला की तो तुकडा रंग सोडणारा.

तुरटी
आमच्या घरची लुगडी चाळीस वर्षं टिकली, ती काय खोटी?

सुईदोरा
टिकली कारण सुटायचा तो रंग पहिल्या वर्षातच सुटून गेला. असो. आणि तयार क्विल्ट रात्रभर भिजवा हा सल्ला तर कोणीच ऐकू नका. तीन थरांत पाणी शिरलं की या हवेत ते आठवडाभर वाळणार नाही.

निवृत्त_पण_व्यस्त
विषय भरकटतोय. मूळ प्रश्न असा की हे प्रदर्शन परदेशात आहे का? असेल तर एटीए कार्नेट नावाची सोय आहे, आपल्याकडे फिक्की ही उद्योग-व्यापार संघटना ते देते. प्रदर्शनासाठी तात्पुरता बाहेर नेलेला माल परत आणताना ड्युटी लागत नाही. मात्र हमी रक्कम ठेवावी लागते, कागदपत्रं आगाऊ तयार करावी लागतात, प्रत्येक वस्तूची यादी जोडावी लागते, आणि यादीत वजन, किंमत

निवृत्त_पण_व्यस्त
(अर्धवट गेला.) किंमत योग्य लिहावी.

जेटीवरची
काका, बंगळूरला आहे.

अस्तर
बरं, मी परत विचारतो. आत काय? मशीन की हात? आणि टाके कुठे जवळजवळ, कुठे लांब?

जेटीवरची
सांगते. आत बाबांची जुनी धोतरं, दोन पदरी. मागे साधं सुती. सगळं हाताने, धावदोरा. चित्र पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांचं आहे, निळी ताडपत्री घालून दोऱ्यांनी बांधलेल्या असतात ना तशा. होड्या अगदी भरून शिवल्यात, टाक्याला टाका लागलाय, बोट फिरवलं की कडक लागतं. वर आकाश आणि खाली पुळण (किनाऱ्याची वाळू) जवळजवळ रिकामी, तळहाताएवढ्या अंतरावर एखादी ओळ. ते मुद्दाम. याचा काय संबंध पण?

अस्तर
सगळा संबंध याचाच. प्रत्येक टाका कापड थोडं आत ओढतो. होड्यांपाशी हजारो टाके आहेत म्हणून तो भाग आखडला, आणि पुळण शिवलेलीच नाही म्हणून ती मूळ मापाची राहिली. जास्तीचं कापड कुठे जाणार, लाटा मारणार. पलंगावर कळत नाही कारण तिथे गादी सांभाळून घेते. टेप घ्या, होड्यांच्या मधोमध आडवं मोजा, मग खालची कड मोजा, आणि दोन्ही आकडे इथे टाका. तोवर इस्त्री बंद.

यल्लापूरकर
म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाचा समाज) बायकांची कवंडी बघा, म्हणजे त्यांची गोधडी. आमच्याकडे उत्तर कन्नडात, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला, त्या कडेपासून सुरुवात करतात आणि फिरत फिरत मधे येतात. तुकडे लावणं आणि शिवणं एकाच वेळी. चार कोपऱ्यांना कापडाची दुमडलेली फुलं. कड आधीच पक्की होते, तिला लहरायला वावच नाही. तुम्ही लोक मधून सुरुवात करता आणि मग रडत बसता.

सुईदोरा
कवंडी सुंदरच असते, पण तिथे टाका सगळीकडे सारखा दाट असतो म्हणून ती सपाट बसते, दिशेमुळे नाही. बाहेरून आत आलात आणि मधे तिप्पट दाट शिवलंत तर मधे खड्डा पडेल, एवढंच.

यल्लापूरकर
शिवून बघितलीय का कधी?

सुईदोरा
हो.

बाबल्या_मालवण
पण प्रदर्शनात गोधडी बघूक कोण येता?

सुईदोरा
येतात हो. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने १९७१ साली जुन्या अमेरिकन क्विल्ट भिंतीवर चित्रांसारख्या टांगल्या होत्या. ओहायोत अथेन्स नावाचं गाव आहे, तिथे गाईंच्या जुन्या गोठ्याच्या इमारतीत १९७९ पासून दर दोन वर्षांनी क्विल्ट नॅशनल भरतं, आर्ट क्विल्टवाल्यांची पंढरी म्हणा. तिथे जगभरातून कामं येतात.

बाबल्या_मालवण
गोठ्यात व्हय? मग बरोबर आसा.

जेटीवरची
मोजलं. होड्यांच्या मधे साडेअडतीस, खालची कड पूर्ण चाळीस. वरची कड एकोणचाळीस आणि थोडं. आता?

अस्तर
दीड इंच. म्हणजे गादीखाली वर्षभर ठेवलीत तरी काही होणार नव्हतं. दोन रस्ते आहेत. पहिला, पुळण आणि आकाश पण भरून शिवा, म्हणजे तेही आखडेल आणि सगळं सारखं होईल. दोरा त्याच रंगाचा घेतला तर लांबून दिसणारही नाही.

जेटीवरची
आकाश भरणार नाही. ते रिकामं असणं हेच चित्र आहे, सगळं भरून टाकलं तर उरलं काय. दुसरा रस्ता सांगा.

अस्तर
दुसरा: मागच्या बाजूने, गोटाच्या अगदी आतल्या अंगाला, दुहेरी मजबूत दोऱ्याने एक धावदोरा घाला, टाका मागचे दोन थर धरून. एका टोकाला पक्की गाठ, दुसरं टोक मोकळं. मग दोरा हळूहळू ओढत कड साडेअडतीसवर आणा, चुणी एका जागी जमू देऊ नका, बोटांनी पसरवत न्या. माप झालं की गाठ. नंतर फवाऱ्याने नुसती दमट करायची, भिजवायची नाही, आणि जाड थर्माकोलच्या शीटवर टाचण्या लावून पंख्याखाली ठेवायची. टाचण्या लावताना दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तरच चौकोन सरळ. त्याआधी सुईदोरांनी सांगितलेली फडक्याची टेस्ट करा, विशेषतः लाल असेल तर. गोट उसवावा लागणार नाही.

पुढच्या वेळी गोट कापताना कडेचं माप घेऊ नका, मधलं माप घ्या आणि कड त्या मापात बसवत शिवा.

सुईदोरा
पण दीड इंच ओढलंत तर पुळणीवर बारीक चुण्या येतील. मी असते तर पुळणीत थोड्या आडव्या ओळी घातल्या असत्या, आकाश नाही तरी. ओहोटीला वाळूवर उमटतात तशा. अर्ध काम त्या करतील, अर्ध ओढदोरा.

अस्तर
हे मात्र मान्य.

कॅमेरेवाला
फोटोबद्दल कोणीच बोलत नाहीये! पहिली फेरी फोटोवर ठरते. मोबाईल विसरा, चांगला डीएसएलआर कॅमेरा आणि ५० एमएमची लेन्स भाड्याने आणा.

चहाबिस्किट
मोबाईल पुरतो. फक्त वाईड लेन्सने जवळून काढू नका, कडा पोटासारख्या बाहेर येतात. लांब उभं राहून २ एक्स झूमवर काढा, मोबाईल क्विल्टच्या बरोबर मध्याच्या उंचीला, तिरका नाही. चारही कडा दिसल्या पाहिजेत, बाजूला कोणाची बोटं नकोत, देव्हारा नको, कॅलेंडर नको. फ्लॅश बंद. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

कॅमेरेवाला
पावसात उजेड कुठून आणणार?

चहाबिस्किट
ढगाळ दिवसच चांगला, उजेड मऊ असतो. पडवीत टांगा. पूर्ण फोटो असा समोरून सपाट उजेडात, आणि क्लोजअपला मात्र एका बाजूने उजेड येऊ द्या, म्हणजे टाक्यांची सावली पडते आणि हाताचं काम कळतं. आणि फाईलच्या नावात स्वतःचं नाव टाकायचं की नाही ते नियमात बघा, काही ठिकाणी ज्युरीला नाव कळू देत नाहीत.

बाबल्या_मालवण
होडयो ऑगस्टात काढल्यात की जूनात? ताडपत्री ३१ जुलैपर्यंतच.

यल्लापूरकर
मासेमारीची सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै. पण जुने लोक नारळी पौर्णिमेला नारळ टाकल्याशिवाय होडी लोटतात का?

बाबल्या_मालवण
आता कोण थांबता? ट्रॉलरवाले तारखेची वाट बघत बसलेले असतत.

(यावरचे पुढचे प्रतिसाद पर्ससीन जाळ्यांवर गेले आहेत, कृपया त्यासाठी वेगळा धागा काढा. – संपादक)

तुरटी
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

जेटीवरची
अपडेट देते. टेस्ट केली, लाल पट्टीचा रंग फडक्यावर उतरला, म्हणून तिथे फवारा मारलाच नाही, बाकीची दमट केली. पुळणीत आडव्या ओळी घातल्या, त्या आवडल्या मला, आधीच सुचायला हव्या होत्या. मग मागून ओढदोरा, माप एकोणचाळीसच्या जरा आत आलं, त्याखाली ओढलं तर चुण्या दिसायला लागल्या म्हणून थांबले. आता टांगल्यावर खालची कड जवळजवळ सरळ. डावा कोपरा अजून केसभर पुढे येतो पण फोटोत दिसत नाही. पडवीत फोटो काढले, फॉर्म गेला. स्लीव्ह निवड झाली तर शिवेन.

सुईदोरा
स्लीव्ह आत्ताच शिवा. निवड कळल्यावर काम पोचवायला फार वेळ देत नाहीत. आणि मागे लेबल पण शिवून टाका, नाव, कामाचं शीर्षक, माप. पाठवताना घडी घालू नका, घडीच्या रेषा जात नाहीत. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर आधी धुतलेलं सुती कापड गुंडाळा, मग क्विल्ट, चित्राची बाजू बाहेर, म्हणजे सुरकुती पडली तर मागे पडेल. प्लॅस्टिक फक्त सगळ्यात बाहेर, पार्सलपुरतं. घरी ठेवताना प्लॅस्टिक नको, आत घाम धरतो.

निवृत्त_पण_व्यस्त
अभिनंदन. फ्रेमचं मात्र विचार करा.

बाबल्या_मालवण
फोटो बघलंय. बरी आसा गो. पण उजव्या होडयेची दोरी उलटी बांधलेली आसा, तशी बांधलास तर पयल्या वाऱ्याक सुटतली.

जेटीवरची
ती आता उसवणार नाही हं मी.