मदत हवी आहे: यूकेचं ईटीए अजून आलं नाही, शनिवारी विमान!

नेवार्कवासी (मंगळवार, ८ जुलै २०२५)
शनिवारी रात्री आम्ही चौघं अमेरिकेतल्या नेवार्कहून लंडनमार्गे मुंबईला निघतोय. तिघांचं ईटीए (निघण्याआधी ऑनलाइन घ्यायची यूकेची प्रवास-परवानगी) आलं, माझं चार दिवस झाले तरी ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढंच दाखवतंय. दोन मेल केले, उत्तर नाही. २० तारखेला नाशिकला आईची पंच्याहत्तरी आहे, उशीर करून चालणारच नाही. लवकर मिळवायची काही सोय आहे का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा, प्लीज.

भटक्या_७२
उगाच घाबरताय. मी २०१९ला शिकागो-लंडन-मुंबई केलंय, कुणी काही विचारलं नाही. लंडनला काही लागत नाही.

हाउन्स्लोकर
भटक्या, २०१९चं आता उपयोगाचं नाही. अमेरिकन पासपोर्टवाल्यांना ८ जानेवारी २०२५पासून ईटीए लागतं.
नेवार्कवासी, आधी हे सांगा: पासपोर्ट कुठले? लंडनच्या हीथ्रो विमानतळाबाहेर पडणार का? तिकीट एकच की वेगवेगळी? हीथ्रोवर आतल्या आत विमान बदलणार असाल तर ईटीए लागतच नाही.

भटक्या_७२
मग मी वेगळं काय म्हणालो?

हाउन्स्लोकर
तुम्ही सरसकट ‘काही लागत नाही’ म्हणालात. वेगळी तिकिटं असतील तर बहुतेक वेळा बॅगा घ्यायला इमिग्रेशन करून बाहेर यावं लागतं, आणि मग लागतं. विमानात चढतानाच अडवलं तर चार माणसांनी काउंटरसमोर बसायचं का?

शेवग्याची_शेंग
मुलांच्या ओसीआयचं (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते कार्ड) बघितलंत का? वीस वर्षांच्या आतलं मूल असेल तर पासपोर्ट नवा काढला की दर वेळी तो आणि फोटो ओसीआयच्या साइटवर चढवायचा असतो. आमच्या मुलीचा राहिला होता, निघायच्या आदल्या रात्री लक्षात आलं. मी त्या रात्री डोळा मिटला नाही.

नेवार्कवासी
ओसीआयचं सगळं झालंय ताई, प्रश्न तो नाही.
बायको आणि मुलं अमेरिकन. माझा भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड. तिकिटं वेगळी आहेत. रविवारी सकाळी हीथ्रोला उतरणार, रात्री हॉटेलात, सोमवारी दुपारी २ला मुंबईचं विमान. पण माझं ईटीए कधी येणार हे कुणी सांगेल का?

हाउन्स्लोकर
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! तुमचं ईटीए येणारच नाही. ज्यांना यूकेला व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी ते आहे. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, ग्रीन कार्ड असलं तरी. अधिकृत ॲपने तुमचा अर्ज घेतलाच कसा? कुठे भरलात? किती पैसे?

नेवार्कवासी
सर्चमध्ये सगळ्यात वर आलेल्या साइटवर. माणशी ८९ डॉलर.

हाउन्स्लोकर
सरकारी फी आत्ता, जुलै २०२५ला, १६ पाउंड आहे. म्हणजे ती मधल्या कुणाची तरी साइट. तिघांच्या मेलमध्ये सोळा आकडी नंबर आलाय का ते आधी बघा, आणि तो ज्या पासपोर्टवर काढलाय तोच हातात आहे ना, तेही. ईटीए पासपोर्टला जोडलेलं असतं, नुसता प्रिंट दाखवून भागत नाही.

भटक्या_७२
मग यांनी आता व्हिसा काढायचा? चार दिवसांत? सरळ दुबईमार्गे नवी तिकिटं घ्या. मी तर लंडन सोडूनच दिलंय.

टेम्सकाठ
व्हिसा कशाला? ग्रीन कार्डवाल्यांना विनाव्हिसा ट्रान्झिटची (वाटेत थांबून पुढचं विमान पकडण्याची) सवलत आहे. कार्ड २१ एप्रिल १९९८ नंतर दिलेलं आणि चालू असलं पाहिजे, येणं-जाणं विमानानेच, पुढचं तिकीट पक्कं, आणि उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री ११:५९च्या आत बाहेर. तुमचं सोमवार दुपारचं विमान यात बसतं. माझे यजमान मार्चमध्ये असेच आले. शेवटचा निर्णय मात्र इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याचा असतो. मुंबईचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून हातात ठेवा, फोनवर विसंबू नका.

हाउन्स्लोकर
टेम्सकाठ बरोबर आहेत. पण आजच एअरलाइनला फोन करून या सवलतीचं विचारा, चेक-इनला बसणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असतेच असं नाही. आणि परतताना?

नेवार्कवासी
परतताना एकच तिकीट, हीथ्रोला अडीच तास, बाहेर पडायचं नाही. म्हणजे तिथे प्रश्न नाही.

शेवग्याची_शेंग
कार्डाच्या बँकेला सांगून तुमच्या एकट्याचे ८९ तरी परत मागा. मिळणारच नव्हतं त्याचे पैसे घेतलेत.

नेवार्कवासी (बुधवार, ९ जुलै)
सगळ्यांचे मनापासून आभार. सोळा आकडी नंबर तिघांचे आलेत. पण काल रात्री पासपोर्ट आणि मेल शेजारी ठेवून एकेक आकडा बोटाने वाचला, तर धाकट्याचं ईटीए जुन्या पासपोर्टवर निघालंय! फॉर्म भरताना मी नंबर त्याच्या ओसीआय कार्डावरून उतरवला होता आणि कार्डावर जुनाच आहे. जुन्या पासपोर्टला भोकं पाडलेली आहेत, तो चालणार नाही. रात्रीच अधिकृत ॲपवर नव्या पासपोर्टवरून परत भरलं, सकाळी उठलो तर मंजुरीची मेल आलेली होती. हाउन्स्लोकर, तुम्ही विचारलं नसतं तर शनिवारी पोराला घेऊन घरी परतावं लागलं असतं.
माझ्यासाठी एअरलाइनला दोनदा फोन केला. पहिलीने ‘व्हिसा लागेल’ सांगितलं, दुसरीने नियम बघून ‘चालेल’ म्हटलं आणि बुकिंगवर तशी नोंद केली.

टेम्सकाठ
त्या दुसरीचं नाव आणि फोनची वेळ लिहून ठेवा.

कोथरूड_ते_बफेलो
मीही भारतीय पासपोर्ट, ग्रीन कार्ड. नायगाराच्या कॅनडा बाजूला जायला ईटीए लागतं का?

हाउन्स्लोकर
नाही. २६ एप्रिल २०२२पासून ग्रीन कार्डवाल्यांना कॅनडाचं ईटीए लागत नाही. पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ ठेवा. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा.