प्रशिक्षण संस्था शुल्क परत करण्यास नकार देते: ग्राहक आयोगाकडे दाद मागता येईल का?

गोदाकाठ (नाशिक):
माझ्या धाकट्या बहिणीने येथील एका खासगी संस्थेत डेटा ॲनालिटिक्सच्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमासाठी ७८,००० रुपये एकरकमी भरले. जाहिरातीत प्रत्यक्ष वर्ग आणि नोकरीची हमी असे स्पष्ट लिहिले होते. परंतु पहिल्याच महिन्यात वर्ग बंद करून आधीच ध्वनिमुद्रित केलेली व्याख्याने पाहण्यास सांगण्यात आले. पैसे मागितले असता ‘एकदा भरलेले शुल्क कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही’ हे प्रवेश अर्जातील कलम दाखवण्यात आले. वाद बेंगळुरूच्या लवादाकडेच न्यावा लागेल, असेही त्यात आहे. शिवाय शिक्षणसंस्थांना ग्राहक कायदा लागूच होत नाही, असे व्यवस्थापक ठामपणे सांगतात. यात तथ्य किती?

काळा कोट:
व्यवस्थापक अर्धसत्य सांगत आहेत. विद्यापीठे व महाविद्यालये या कायद्याच्या कक्षेत येतात का, यावर न्यायालयांची मते वेगवेगळी आहेत. मात्र राष्ट्रीय आयोगाने मनू सोळंकी प्रकरणात (जानेवारी २०२०) शिक्षणसंस्थांना वगळतानाच शिकवणी वर्ग त्या सवलतीत बसत नाहीत, असे स्पष्ट केले. पदवी न देणारी आणि शुल्क घेऊन कौशल्य शिकवणारी तुमची संस्था याच दुसऱ्या गटात मोडते, असा युक्तिवाद भक्कमपणे करता येईल.

‘परतावा नाही’ या कलमाला घाबरू नये, पण त्यावर नेमके कोठे बोट ठेवायचे ते समजून घ्यावे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार करारच अन्यायकारक आहे ही तक्रार राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडे करावी लागते, जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही. म्हणून जिल्हा आयोगापुढे सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा हेच मुद्दे मांडावेत. सदोष सेवेचे पैसे पावतीत ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास तीस दिवसांत परत न करणे, हे कलम २(४७) प्रमाणे अनुचित प्रथेत मोडते. तक्रारदार जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते, त्यामुळे बेंगळुरूला जाण्याचे कारण नाही. लवादाचे कलम ग्राहक मंचाची दारे बंद करत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ प्रकरणात २०१८ मध्ये मान्य केले आहे.

स्पष्टवक्ता:
वरील उत्तर योग्य आहे, मात्र एक भेद कोणी लपवू नये. संस्थेने कबूल केलेली सेवा दिली नाही आणि विद्यार्थ्याने स्वतःच्या सोयीने मध्येच सोडले, ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. दुसऱ्या प्रकारात पूर्ण रकमेची अपेक्षा ठेवणे मला रास्त वाटत नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाचे शुल्क दहा दिवसांत परत करावे असे म्हटले आहे, परंतु त्या राज्यांनी स्वीकारायच्या सूचना आहेत, कायदा नव्हे. तुमच्या बहिणीचे प्रकरण पहिल्या प्रकारातील असल्याने जाहिरातीचे छायाचित्र आणि वर्ग बंद झाल्याचा संदेश आजच जतन करा. असे पुरावे संकेतस्थळावरून फार लवकर नाहीसे होतात.

काळा कोट:
त्याला जोडून सांगतो: आधी स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची लेखी नोटीस पाठवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा; संस्था तडजोडीस तयार झाली तर खटला टळतो. नाही झाली तर ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, आणि वकील नेमण्याची सक्तीही नाही. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

गोदाकाठ (नाशिक):
आभारी आहे. रकमेचा काही भाग संस्थेनेच सुचवलेल्या वित्तसंस्थेच्या कर्जातून गेला आहे. हप्ते थांबवावेत का?

काळा कोट:
परस्पर थांबवू नका. थकबाकीची नोंद बहिणीच्या सिबिल अहवालावर होईल. वादाची लेखी कल्पना त्या वित्तसंस्थेला द्या आणि तक्रारीत तिलाही विरुद्ध पक्ष करा, म्हणजे हप्त्यांना स्थगिती देण्याची विनंती आयोगापुढे अंतरिम अर्जाने करता येईल.