नवीन पिस्तूल, तीनपैकी दोन मॅगझिन अडकतात – मदत हवी आहे

आतला_दहा
नमस्कार. नवीन पिस्तूल हातात येऊन पंधरा दिवस झाले. सोबत तीन मॅगझिन (काडतुसं भरून पिस्तुलात बसवायच्या पेट्या) मिळाली. एक व्यवस्थित चालतं, बाकीची दोन सारखी अडकतात. काल सहा मालिका मारल्या, म्हणजे तीस राउंड (काडतुसं), त्यात नऊ वेळा थांबावं लागलं. पुढच्या शनिवारी स्पर्धा आहे आणि पिस्तूल परत पाठवण्याइतका वेळ नाही. कोणाला असा अनुभव आला असेल तर काय केलं ते लगेच सांगा. साफसफाई केलेली आहे, त्यामुळे 'आधी साफ करा' असं कृपया कोणी लिहू नका.

काडतूसपेटी
बोअर कुठला? काडतूस कुठलं? आणि 'अडकतं' म्हणजे नक्की काय होतं? राउंड चेंबरकडे (नळीच्या मागच्या टोकाला, जिथे तो बसतो) सरकतच नाही, अर्धवट शिरून थांबतो, रिकामी पुंगळी बाहेर पडत नाही, की घोडा पडूनही राउंड फुटत नाही? हे चार वेगळे आजार आहेत. यातल्या दोनांचा मॅगझिनशी संबंधच नसतो.

सरावाची_वही
मॅगझिनवर नंबर टाकलेत का? नसतील तर आजच टाका. खालच्या झाकणावर मार्करनं १, २, ३. मग प्रत्येक अडथळ्याला वहीत तीन गोष्टी लिहायच्या: मॅगझिन कितवं, राउंड कितवा, राउंड कसा अडकला. तीस राउंडची अशी नोंद झाली की निम्मं उत्तर त्या पानावरच दिसतं.

जुना_खेळाडू
ताई, एवढा विचार करू नका. स्प्रिंग कमजोर आहे, दुसरं काही नाही. मॅगझिन उघडा, स्प्रिंग बाहेर काढा, दोन्ही टोकं धरून इंचभर ताणा आणि परत घाला. मी आजवर पाच-सहा मॅगझिन अशी चालू केली आहेत. दहा मिनिटांचं काम आहे.

शस्त्रशाळा
स्प्रिंग अजिबात ताणू नका. मी सत्तावीस वर्षं आर्मरर, म्हणजे शस्त्रदुरुस्ती करणारा, म्हणून काम केलं आहे. ताणलेली स्प्रिंग चार दिवस जोर दाखवते आणि मग परत ढिली पडते. शिवाय वेटोळी सारखी ताणली जात नाहीत, त्यामुळे फॉलोअर (राउंडना खालून वर ढकलणारा तुकडा) तिरका वर येतो आणि एका बिघाडाचे दोन होतात. पंधरा दिवसांच्या पिस्तुलातली स्प्रिंग थकलेली नसते. काडतूसपेटींनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आधी द्या.

जुना_खेळाडू
माझी मॅगझिन आजही चालतात. अनुभव आहे म्हणूनच सांगितलं.

तिरपी_नजर
मॅगझिन भरून ठेवता का? रात्रभर भरलेली राहिली की स्प्रिंग दबून जाते. सराव संपला की रिकामी करत चला.

शस्त्रशाळा
तिरपी_नजर, हा समज खूप पसरलेला आहे. चांगल्या पोलादाची स्प्रिंग ठरलेल्या मर्यादेत दाबून ठेवली म्हणून मरत नाही. ती थकते हजारो वेळा दाब-सोड होऊन, नाहीतर मर्यादेपलीकडे ताणल्यानं. सराव संपल्यावर मॅगझिन रिकामं करायचंच, पण ते सुरक्षिततेसाठी. स्प्रिंगचा त्याच्याशी संबंध नाही.

आतला_दहा
इतके प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. .२२ आहे, २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल खेळते. काडतूस नेहमीचंच, स्टँडर्ड व्हेलॉसिटी, ४० ग्रेनचं. जुन्या पिस्तुलात याच काडतुसानं कधी त्रास झाला नाही. अडथळा असा: स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) पुढे येते आणि अर्ध्यात थांबते. राउंड मॅगझिनमध्येच असतो आणि गोळीचं टोक समोर खाली टेकलेलं असतं. नंबर टाकले नव्हते, पण चालणाऱ्या मॅगझिनवर बारीक ओरखडा आहे, त्यामुळे ते ओळखू येतं.

काडतूसपेटी
.२२ आहे हे पहिल्याच ओळीत हवं होतं. .२२ म्हटलं की पहिला संशय रिमवर. या काडतुसाला मागे कड असते. पुंगळीचं अंग ५.७ मिमीच्या आसपास आणि कड ७ मिमीच्या आसपास, म्हणजे ती सगळीकडून बाहेर येते. मॅगझिनमध्ये वरच्या राउंडची कड खालच्या राउंडच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. ती मागे बसली तर स्लाइड वरचा राउंड पुढे ढकलते आणि खालच्याची कड त्याला मागून धरून ठेवते. दोघे एकमेकांत अडकतात आणि स्लाइड थांबते. तुमच्या मॅगझिनला बाजूला फॉलोअर खाली ओढायचं बटण आहे ना? भरताना ते किती ओढता?

आतला_दहा
हो, बटण आहे. पूर्ण खाली ओढते आणि पाचही राउंड आत सोडते. पटकन भरून होतं.

काडतूसपेटी
ही सवय मोडा. बटण तळापर्यंत ओढलं की राउंड मोकळ्या जागेत पडतात आणि कडा कशाही बसतात. एका राउंडपुरतंच बटण खाली घ्या, राउंड पुढून सरकवा, मागे पूर्ण बसवा, मग पुढचा. पाच भरून झाले की बाजूच्या फटीतून बघा. प्रत्येक राउंड खालच्यापेक्षा किंचित पुढे, पायऱ्यांसारखा दिसला पाहिजे.

मोकळा_श्वास
माझा अनुभव वेगळा आहे. .२२ च्या गोळीवर मेण असतं. ते फीड रॅम्पवर (राउंड चेंबरमध्ये शिरतो त्या उतारावर) आणि मॅगझिनच्या आत चढतं, त्यात न जळलेल्या दारूचे कण मिसळतात. मी आठवड्यातून एकदा मॅगझिनमध्ये तेलाचे दोन थेंब सोडतो. त्यानंतर अडथळा नाही.

काडतूसपेटी
मॅगझिनमध्ये तेल नको. तेल, मेण आणि काजळी यांचा लगदा होतो आणि फॉलोअर त्यात जड चालतो. आतून पुसून कोरडं ठेवायचं. गंजाची भीती असेल तर तेलाचा बोळा फिरवून लगेच कोरड्या कापडानं पुसून घ्यायचं.

मोकळा_श्वास
कोरड्या मॅगझिनमध्ये माझ्याकडे पावसाळ्यात तांब धरली होती. थेंबभर तेलानं काही बिघडत नाही.

काडतूसपेटी
तांब धरली, कारण पुसून ठेवलं नव्हतं. ज्या राउंडला तेल लागतं तो चेंबरमध्येही तेल नेतो. आपलं यावर एकमत होणार नाही. पण नवीन खेळाडूंनी कोरडंच ठेवावं असं मी ठामपणे सांगेन.

तिरपी_नजर
मुळात .२२ सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे चालायचंच. पाच राउंडच मारायचे तर रिव्हॉल्व्हर घ्या. मॅगझिन नाही, स्प्रिंग नाही, काळजी नाही. मी दहा वर्षं .३२ वाडकटर रिव्हॉल्व्हरवर काढली.

सरावाची_वही
त्यांची स्पर्धा शनिवारी आहे आणि पिस्तूल घेऊन झालेलं आहे. दुसरं शस्त्र सुचवून काय उपयोग?

सकाळचा_सराव
एक सांगायचं राहिलं. नवीन पिस्तूल आहे तर ड्राय फायरिंग, म्हणजे राउंड न भरता चाप ओढायचा सराव, जपून करा. .२२ मध्ये फायरिंग पिन कडेवर आदळते. चेंबर रिकामं असेल तर काही पिस्तुलांत ती चेंबरच्या काठावर बसते आणि तिथे खळगा पडतो. माहितीपुस्तिकेत परवानगी आहे का ते आधी बघा, नसेल तर डमी राउंड वापरा.

आतला_दहा
सकाळचा_सराव, धन्यवाद, पण ड्राय फायरिंगबद्दल मी विचारलं नव्हतं. काडतूसपेटींनी सांगितलं तसं एकेक राउंड भरला. पायऱ्या बरोबर दिसल्या. तरी आज दोन नंबरमध्ये चार वेळा आणि तीन नंबरमध्ये पाच वेळा तेच झालं. कधी दुसरा राउंड, कधी चौथा. एक नंबर आजही बिनचूक. म्हणजे रिमचाही प्रश्न नाही. आता पक्कडीनं मॅगझिनचे ओठ (वरचा राउंड धरून ठेवणाऱ्या दोन वळवलेल्या कडा) थोडे वर उचलायचा विचार करते आहे.

शस्त्रशाळा
पक्कड बाजूला ठेवा. लिप्सवर, म्हणजे या ओठांवर, राउंडचा कोनही ठरतो आणि सुटण्याची वेळही. हातानं दोन्ही बाजू सारख्या वाकत नाहीत, आणि तो पत्रा वाकवून परत आणला की तडकू शकतो.

आता दोन गोष्टी नीट आठवून सांगा. पाचवा राउंड मारल्यावर स्लाइड मागे अडकून राहते का, तिन्ही मॅगझिनमध्ये? आणि पहिल्या पोस्टमध्ये 'साफसफाई केली' म्हणालात, ती नक्की कशी? मॅगझिन उघडली होती का?

आतला_दहा
एक नंबरमध्ये स्लाइड मागे राहते. दोन आणि तीनमध्ये कधी राहते, कधी नाही. ते मी महत्त्वाचं धरलं नव्हतं.

साफसफाई: एक नंबर पिस्तुलातच बसवून आलं होतं, ते फक्त वरून पुसलं. दोन आणि तीन वेगळ्या पाकिटात होती, चिकट तेलानं माखलेली. म्हणून ती दोन्ही पहिल्याच दिवशी उघडून पुसली आणि परत बसवली. दोन्ही सहज बसली, जोर लावावा लागला नाही.

शस्त्रशाळा
उघडलेली दोन अडकतात आणि न उघडलेलं चालतं. स्प्रिंग उलटी गेली असावी असा माझा अंदाज आहे.

मॅगझिनच्या स्प्रिंगला वर-खाली असतं आणि पुढे-मागेही असतं. बहुतेक मॅगझिनमध्ये सगळ्यात वरचं वेटोळं पुढच्या बाजूला चढतं असतं, म्हणजे फॉलोअरचं नाक वर उचललं जातं. स्प्रिंग फिरवून घातली तरी ती आत जाते आणि झाकणही बसतं, पण जोर फॉलोअरच्या शेपटीखाली येतो. मग गोळीचं टोक खाली झुकतं. तुम्ही सांगितलेला अडथळा नेमका तोच आहे. स्लाइड स्टॉपला (मॅगझिन संपल्यावर स्लाइड मागे अडवणाऱ्या खिट्टीला) वर ढकलणारा भागही नीट उचलला जात नाही, म्हणून शेवटी स्लाइड कधी थांबते, कधी नाही.

राउंड दुसऱ्या खोलीत ठेवा. तिन्ही रिकामी मॅगझिन शेजारी उभी करा आणि फॉलोअरचं नाक बोटानं हलकेच दाबून सोडा. एक नंबर कसं वागतं ते बघा, मग दोन आणि तीन. नंतर एक नंबर उघडा आणि कुठलाही भाग बाहेर काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. बाकीची दोन त्या फोटोबरहुकूम बसवा. डोळ्यांवर चष्मा असू द्या, झाकण सरकवताना स्प्रिंग उडते.

जुना_खेळाडू
स्प्रिंग उलटी असेल तर मी सांगितलेला उपाय लागू नाही हे मान्य. आधी विचारायला हवं होतं.

आतला_दहा
शस्त्रशाळा काका, तुमचा अंदाज बरोबर निघाला.

एक नंबरचा फॉलोअर पुढून दाबला की करंगळीला विरोध जाणवतो आणि सोडताच नाक वर येतं. दोन आणि तीनमध्ये नखाच्या टोकानं दाबलं तरी नाक खाली जातं आणि तिथेच रेंगाळतं. शेजारी ठेवल्यावर साध्या डोळ्यांनी फरक दिसला: एकात फॉलोअर पुढे चढता, दोघांत जवळजवळ आडवा. पंधरा दिवस ही मॅगझिन रोज हाताळते आहे, पण तिन्ही एकत्र उभी कधी केलीच नव्हती.

एक नंबरचा फोटो घेऊन दोन्ही स्प्रिंगा फिरवून बसवल्या. आज रेंजवर प्रत्येकातून पन्नास राउंड मारले. दोन नंबर: एकही अडथळा नाही, दहाही वेळा स्लाइड मागे राहिली. तीन नंबर: चार अडथळे, पण वेगळे. आता फक्त शेवटचा राउंड, आणि तो नाक वर करून उभा राहतो.

सरावाची_वही
तीन नंबर कधी पडलं होतं का?

आतला_दहा
हो. पहिल्याच आठवड्यात भरलेलं मॅगझिन हातातून सटकलं आणि फरशीवर तोंडावर पडलं. ओठांना काही झालेलं दिसलं नाही म्हणून लिहिलं नव्हतं.

शस्त्रशाळा
व्हर्निअर (बारीक अंतर मोजायचं साधन) मिळेल का? लिप्समधलं अंतर मागच्या टोकाला तिन्ही मॅगझिनवर मोजा. फार दाबून मोजू नका.

आतला_दहा
कोचकडून घेतला. एक आणि दोन सारखे. तीन ०.३ मिमीनं रुंद.

शस्त्रशाळा
तेच कारण. लिप्स फाकली आहेत, राउंड लवकर सुटतो. शेवटच्या राउंडला स्प्रिंगचा जोर सगळ्यात कमी आणि खालून दुसऱ्या राउंडचा आधार नाही, म्हणून दोष तिथे उघडा पडतो. हे मॅगझिन दुरुस्त करत बसू नका, बदलून घ्या. विक्रेत्याला पडल्याचंही खरं सांगा.

काडतूसपेटी
स्पर्धेपुरतं एक लक्षात ठेवा. रॅपिडमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या वेगवान टप्प्यात, टार्गेट ३ सेकंद समोर आणि ७ सेकंद वळलेलं असतं. अडथळा आला की त्या ७ सेकंदांत स्लाइड ओढून बघण्याचा मोह होतो. ओढू नका. तुम्ही स्लाइडला हात लावला की तो नियमात बसणारा बिघाड राहत नाही. पिस्तूल टार्गेटच्या दिशेनंच धरा, मोकळा हात वर करा. मॅगझिन नीट न बसवणं हीही नेमबाजाचीच चूक धरतात, म्हणून बसवल्यावर तळाला तळव्यानं एकदा दाबून बघा.

मोकळा_श्वास
मॅगझिन आतून कोरडी पुसून नेलीत ना?

आतला_दहा
हो, कोरडीच. तीस राउंडच्या टप्प्याला पाचाच्या सहा मालिका असतात, दोन मॅगझिन आलटूनपालटून पुरतील. पहिल्या दिवशी मॅगझिन उघडली होती हे मीच लिहिलं असतं तर हे एका दिवसात सापडलं असतं. सगळ्यांचे मनापासून आभार.

शस्त्रशाळा
तीन नंबरला आत्ताच लाल चिकटपट्टी लावा आणि स्पर्धेच्या बॅगेतून बाहेर काढा. घाईत हाताला तेच लागतं.

आतला_दहा
लावली. कपाटात ठेवलं.