थायलंडमध्ये कंपनी काढतोय, बँक पैसे पाठवत नाही. मदत हवी आहे

पंचवटीकर:
नमस्कार मंडळी. पटायाला शाकाहारी जेवणाचं हॉटेल टाकतोय. कंपनीचं नाव मिळालंय, जागा ठरलीये, जागामालक २५ तारखेपर्यंतच थांबणार. इथे बँकेत २० लाख पाठवायला गेलो तर म्हणतात परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म एफसी आणा, आणि तो कसा भरायचा ते शाखेत कोणालाच सांगता येत नाही. चार दिवस हेलपाटे घालतोय. एलआरएसमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेत, वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात ना? मग अडवतात कशाला?

सीए_सातारकर:
मर्यादा तीच, पण तुम्ही फिरायला पैसे नेत नाही आहात. बाजारात नोंद नसलेल्या परदेशी कंपनीचा एक शेअर घेतला तरी ती ओडीआय, म्हणजे परदेशातली थेट गुंतवणूक होते. २०२२ चे नियम आहेत. फॉर्म बँकेमार्फत जातो, रिझर्व्ह बँकेचा यूआयएन हा ओळख क्रमांक येतो, मगच पैसे सुटतात. परकीय चलनाचं काम पाहणारी मोठी शाखा गाठा. १० लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतील, त्याची तजवीज ठेवा. विवरणपत्र भरताना तो वळता होतो.
आता सांगा, तुम्ही निवासी की एनआरआय? शेअर किती टक्के?

शारजाची_माई:
थायलंड कशाला रे? इकडे यूएईत २०२१ पासून बहुतेक धंद्यांना स्थानिक भागीदार लागत नाही, १०० टक्के मालकी आपली. माझ्या भावाने तसंच केलं.

पंचवटीकर:
माई, जागा पटायाची ठरलीये. सातारकर साहेब, निवासीच आहे. शेअर माझे ४९ टक्के, बाकी थाई लोकांचे.

चियांगमाईकर:
ते थाई लोक कोण? तुमच्या ओळखीचे आहेत का? त्यांनी स्वतःचे पैसे घातलेत का?

पंचवटीकर:
एजंटची माणसं आहेत, दोघं. शेअर परत करायच्या कागदावर आधीच सह्या करून देतात. सगळे असंच करतात म्हणाला. पण माझा प्रश्न बँकेचा आहे.

चियांगमाईकर:
नाही, तुमचा खरा प्रश्न हाच आहे. अकरा वर्षं इथे राहतोय म्हणून कळकळीने सांगतो. परदेशी व्यवसाय कायदा १९९९ चा आहे आणि खाद्यपेयांची विक्री त्याच्या तिसऱ्या यादीत येते, म्हणजे परदेशी कंपनीला परवाना लागतो. तो चुकवण्यासाठी नावापुरता थाई भागधारक उभा करणं हा कलम ३६ खाली गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, १ ते १० लाख बाट दंड, आणि तुम्हीही त्यात येता, फक्त तो थाई माणूस नाही. ते आगाऊ सह्यांचे कागद तर पुरावाच ठरतात. भागीदार खरा शोधा, ज्याने पैसे घातलेत आणि ज्याला नफा मिळतो. नाहीतर सरळ परवान्याचा अर्ज करा. त्याला किमान ३० लाख बाट भांडवल लागतं.

लक्ष्मीरोड:
उगाच घाबरवू नका हो. माझ्या मावसभावाचं फुकेतला नऊ वर्षं असंच चालू आहे. धंदा करायचा तर थोडी जोखीम घ्यावीच लागते.

चियांगमाईकर:
नऊ वर्षं कोणी तपासलं नाही म्हणून ते कायदेशीर होत नाही. तपासणी आली की हॉटेल, सामान, डिपॉझिट सगळं अडकतं.

सीए_सातारकर:
लक्ष्मीरोड, इकडूनही अडचण आहे. ओडीआयसाठी तो व्यवसाय भारतात आणि तिथे, दोन्हीकडे कायदेशीर असावा लागतो. फॉर्मवर सही पंचवटीकरांची असणार, तुमच्या मावसभावाची नाही.

खवय्या_नगर:
जैन जेवण ठेवाच. गुजरातहून येणाऱ्या टूर ग्रुपना कांदा-लसूण नसलेलं ताट लागतं. थालीपिठाची भाजणी इथूनच न्या.

पंचवटीकर:
धन्यवाद, जैन ताट ठेवणारच आहे. स्वयंपाकघर मी आणि बायको बघणार.

चियांगमाईकर:
वर्क परमिट आहे का? साधारण नियम असा की एका परदेशी माणसामागे २० लाख बाट भरलेलं भांडवल आणि चार थाई कर्मचारी. तुम्ही दोघं म्हणजे ४० लाख आणि आठ माणसं. एक बाट अडीच रुपयांच्या वर आहे. तुमचे २० लाख रुपये एकालाही पुरत नाहीत.

पंचवटीकर:
एजंटने हे सांगितलंच नव्हतं. मी २० लाख ते रुपयेच धरून चाललो होतो. अजून एक, जागेचं १,२०,००० बाट डिपॉझिट तिथल्या मित्राने रोख भरलंय. ते भांडवलात धरता येईल?

सीए_सातारकर:
नाही. ओडीआय रोखीत चालत नाही. मित्राचं देणं वेगळं ठेवा आणि ते कसं फेडायचं ते बँकेला विचारूनच ठरवा. तोवर भांडवलाचा एक रुपयाही पाठवू नका.

पंचवटीकर:
जागामालकाला फोन केला. महिनाभर थांबतो म्हणाला, भाडं मात्र द्यावं लागेल. एजंटला त्या दोघांनी भरलेल्या पैशांचे कागद मागितलेत, सकाळपासून उत्तर नाही. चियांगमाईकर दादा, पटायात खऱ्या भागीदाराचा करार करून देणारा वकील माहीत असेल तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा.